उषाताईंच्या रेडिओवर चिमूर होतं, तुमच्या लेखात नाही

संपादक महोदय,

1942 च्या ‘चले जाव’ चळवळीत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवणाऱ्या उषा मेहतांवरचा आपला पानभर लेख काल सकाळी वाचला, संध्याकाळी पुन्हा वाचला. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. 42.34 मीटरची तरंगलांबी, सारख्या बदलाव्या लागणाऱ्या जागा, 12 नोव्हेंबरची धाड, पोलीस दार फोडत असताना आत वाजत असलेलं ‘वंदे मातरम्’, हे सगळं लेखात आहे आणि नीट आहे. पण त्या रेडिओवरून सांगितलं काय जात होतं? त्याबद्दल पानभर मजकुरात एकच ओळ: ‘नेत्यांची भाषणे व देशभक्तिपर गीते’.

बातम्या कुठे गेल्या? चितगाववरची बॉम्बफेक, जमशेदपूरचा संप, बलियातला उठाव आणि आमच्या विदर्भातल्या आष्टी-चिमूरचे अत्याचार. हे उषाताईंनीच नंतर मुलाखतीत सांगून ठेवलं आहे. वर्तमानपत्रं तेव्हा या विषयांना हात लावू शकत नव्हती. चिमूरसाठी गांधीजींचे सहकारी भन्साळी यांनी 63 दिवस उपोषण केलं, तर त्याचीही बातमी छापायला बंदी होती. त्या काळचे संपादक बांधलेले होते, हे मी समजू शकते. आज तुम्हाला कोणी बांधलं आहे?

माझी आजी चिमूरची. 16 ऑगस्ट 1942 ला नागपंचमी होती. त्या दिवशी गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला, लोक खवळले, अधिकारी मारले गेले. मग गावात पलटण आली. पुरुषांची धरपकड झाली आणि घरात बायकापोरं उरली. पुढचं आजी कधी बोलली नाही. रस्त्यावर ट्रकचा आवाज आला, की ती असेल तिथून उठायची आणि दाराला अडसर घालायची. कणीक मळत असली तरी हात धुवायला थांबायची नाही. त्या अडसरावर वाळलेलं पीठ मी लहानपणी नखानं खरवडलेलं आहे. हे स्वातंत्र्यानंतर वीस वर्षांनीसुद्धा.

1998 साली उषाताईंना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा मी आजीला बातमी वाचून दाखवली आणि त्या रेडिओवर चिमूरचं सांगितलं होतं, हेही सांगितलं. आजीच्या गल्लीत 1942 मध्ये रेडिओ कोणाकडे असणार? तिला काहीच माहीत नव्हतं. ती म्हणाली, “आपल्या गावचं नाव घेतलं होतं काय वं त्या बाईनं? तवाच?” मी म्हटलं, तवाच. थोड्या वेळानं तिनं त्या बाईचं नाव पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशीही विचारलं.

म्हणून मला ती एक ओळ लागली.

आणखी एक. आपल्या लेखात उषाताई येरवड्यात जातात आणि लेख संपतो. पुढच्या आयुष्यासाठी ‘नंतर त्यांनी अध्यापन केले’ एवढे चार शब्द. चार वर्षांची सक्तमजुरी झालेली ही मुलगी 1946 मध्ये सुटली ती खालावलेली तब्येत घेऊन. पण त्यानंतर 54 वर्षं जगली. गांधीविचारांवर पीएच.डी. केली, विल्सन कॉलेजात तीस वर्षं शिकवलं, मुंबई विद्यापीठात विभागप्रमुख झाली, मुंबईतल्या मणिभवन या गांधी संग्रहालयाचं काम पाहिलं. 9 ऑगस्ट 2000 ला अंगात ताप असताना ऐंशी वर्षांच्या उषाताई नेहमीप्रमाणे ऑगस्ट क्रांती मैदानावर गेल्या, आणि 11 तारखेला वारल्या. रेडिओ जेमतेम तीन महिने चालला. उरलेलं आयुष्य त्यांनी वर्गात घालवलं. मी स्वतः शिक्षिका होते, मला ते चार शब्दांत उरकलेलं सहन होत नाही.

लेखासोबतच्या चित्रात छोटा ट्रान्झिस्टर काढला आहे. ट्रान्झिस्टरचा शोधच 1947 चा. शाळेतली मुलं ही चित्रं कापून प्रकल्पाच्या वहीत चिकटवतात, याचा तरी विचार व्हावा.

आष्टी आणि चिमूर ही दोन नावं राहून गेल्याची दुरुस्ती आपण छापावी, आणि ती ज्या पानावर लेख आला त्याच पानावर छापावी. आतल्या पानावरची बारीक चौकट नको.

एक निवृत्त शिक्षिका,
वरोरा (मूळ गाव चिमूर)