नळी बदललीस, आता तक्ताही बदल

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल तू सहज बोलून गेलीस, की सुबारूला मोठा इनटेक (हवा आत घेणारी नळी) बसवला, गाडी मस्त पळतेय, रविवारी सौरभबरोबर हायवेला नेणार. फोनवर आवाज चढला असता, म्हणून लिहितेय.

व्हर्नियरची मापं छान घेतली आहेस, तीच धरते. एमएएफच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या, जुन्या नळीचा आतला व्यास 66 मिमी, नवीन 73. सेन्सर तोच. त्याच्या तापलेल्या तारेला अंगावरून जाणारी हवा कळते, नळी किती रुंद ते कळत नाही. व्यासांच्या गुणोत्तराचा वर्ग 1.22. म्हणजे त्याच व्होल्टेजला आता 22 टक्के जास्त हवा जातेय आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, व्होल्टेजवरून हवा सांगणारा जुना तक्ता वाचून ती 18 टक्क्यांनी कमी समजतोय. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल वाढवून सांभाळून घेतो, म्हणून तुला सगळं ठीक वाटतं. पूर्ण थ्रॉटलला ती दुरुस्ती थांबते. शिवाय लोडही (इंजिनावरचा भार) याच हवेवरून काढतात. तो कमी दिसला की ठिणगीचं टायमिंग हलक्या लोडच्या खान्यातलं, जास्त लवकरचं, म्हणजे जास्त अ‍ॅडव्हान्स मिळतं. लीन (पेट्रोल कमी पडलेलं) मिश्रण, अ‍ॅडव्हान्स आणि वर टर्बोचा बूस्ट (दाबून भरलेली हवा). तुझ्या 2.5 लिटर इंजिनात अशा नॉकने (मिश्रण आपोआप, स्फोटासारखं पेटण्याने) पिस्टनच्या रिंगांमधला कडा तुटतो. तक्ता होईपर्यंत पाय दाबू नकोस.

‘बॅटरी काढून लाव, शिकून घेईल’ हा सल्ला सोडून दे. त्याने ईसीयूने शिकलेले ट्रिम, म्हणजे पेट्रोलच्या टक्क्यांतल्या दुरुस्त्या, पुसले जातात, तक्ता जुनाच राहतो.

आधी सेन्सरवरचा बाण इंजिनाकडे आहे ना ते बघ. क्लॅम्प आवळ, स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) कर. सेन्सर आणि इंजिनाच्या मध्ये गळती असेल तर तक्ता कितीही घासलास तरी आयडल जुळणार नाही. फिल्टर तेलाचा असेल तर तारेवर तेल बसतं. ती एमएएफ क्लीनरनेच धुवायची, बोट लावायचं नाही.

मग ईसीयूतली मूळ रॉम (तक्त्यांची फाइल) वाचून जपून ठेव आणि तक्त्यातले सगळे ग्रॅम प्रति सेकंद 1.22 ने गुणून फ्लॅश कर, म्हणजे ईसीयूत परत लिही. ही नुसती सुरुवात, कारण वळणापाशी हवा सरळ येत नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर रोमरेडर या प्रोग्रॅममध्ये एमएएफ व्होल्टेज, एएफ करेक्शन (तात्पुरता ट्रिम) आणि एएफ लर्निंग (शिकलेला ट्रिम) लॉग कर. थ्रॉटल स्थिर असतानाचेच आकडे घे, पाय हलला की ते फेकून दे. दोन्ही ट्रिमची बेरीज 2.2 व्होल्टला +8 टक्के आली तर तो खाना 1.08 ने गुण. आजूबाजूचे खाने गुळगुळीत कर, वक्रात दात राहू देऊ नकोस. पुन्हा फ्लॅश, पुन्हा लॉग, बेरीज ±5 च्या आत येईपर्यंत. इंजेक्टर मात्र आत्ता बदलू नकोस. त्यांच्या लेटन्सीची (उघडायला लागणाऱ्या वेळाची) चूक एमएएफच्या तक्त्यात भरली जाते आणि मग मूळ कुठलं तेच सापडत नाही.

वरचे खाने ट्रिमवरून भरता येत नाहीत. तिथे वेगळा वाइडबँड (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) लागतो. ईसीयूने हवा-पेट्रोलचं प्रमाण 11.0 मागितलं आणि मोजलेलं 12.5 आलं तर खाना 1.14 ने वाढवायचा. हे डायनोवर (गाडी जागीच पळवून मोजायच्या यंत्रावर), थोडं थोडं बूस्ट वाढवत, नॉक बघत कर. हायवेवर नाही. सौरभ शेजारी बसून ‘अजून थोडं’ म्हणाला तरी नाही.

पुन्हा तेच सांगतेय, माफ कर. अप्पांच्या स्कूटरचा कार्ब्युरेटर खोलून तू जेट वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होतेस, प्रत्येकाखाली आकडा लिहून. तेव्हा जेमतेम दहा वर्षांची होतीस, आणि अप्पा रागवायचे सोडून सगळ्यांना बोलावून दाखवत होते. तुला हे जमणार याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मला भीती हाताची नाही, घाईची वाटते.

शकूमावशीचे टाके निघाले, आता बरी आहे. पहिल्या फ्लॅशनंतरचा लॉग मला पाठव, सीएसव्ही चालेल. 2 ते 3 व्होल्टच्या खान्यांत किती नोंदी पडल्या तेही लिही, कमी असल्या तर अजून एकदा चालवून ये. पण पाय हलका ठेवून.

तुझी,
आई