गटारीचा बोकड आणि तुझ्या मित्राचं डुक्कर

बाळा,

तुझे व्हॉट्सॲपवरचे फोटो बघितले, जर्मनीत मित्राच्या शेतावर डुक्कर कापलं तिथले. बाबा म्हणाले असलं काय पाठवतो हा, पण मी झूम करकरून बघितले, कारण तुला जे एवढं भारी वाटलं ते आपल्या मुरबाडच्या शेतावर दर गटारीला होतंच की, फक्त तू मटण शिजल्यावर उठायचास.

ते लोक थंडीत कापतात, फ्रिज नव्हते तेव्हापासूनची पद्धत. आपलं भर पावसात, श्रावण तोंडावर, मग टिकवायची भानगडच नाही, त्याच दिवशी वाटे पडून घरोघरी पोचलं पाहिजे. बोकडाचा चारा आदल्या रात्रीपासून बंद, नुसतं पाणी. आजोबा सुरा स्वतः घासायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. रक्त पूर्ण वाहून गेलं की पडवीच्या वाशाला उलटा टांगायचा आणि सोलताना सुरी कमी, मूठ जास्त, कातडं नि मांस यांच्यामधे मूठ घालून ढकलत न्यायचं, मटणाला एक केस लागला की आजोबा ओरडलेच समज. पोट फाडलं की आधी पित्ताची पिशवी सांभाळायची, हिरवी, कलेजीला चिकटलेली असते, फुटली तर कलेजी कडू.

तिथे रक्त ढवळत बसतात ना गोठू नये म्हणून, ते सॉसेजसाठी. आपल्याकडे उलट, थाळीत मीठ टाकून गोठू द्यायचं, त्याची रक्ती.

एवढं झालं की पुरुष मंडळी हातपाय धुवून मोकळी. मग आमची वजडी, म्हणजे पोट नि आतडी. आतली घाण काढून धुवायची, उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बाहेर, आणि टॉवेलसारखा जो भाग असतो त्याच्यावरचा काळा थर खरवडायचा, पाण्यात जास्त वेळ राहिली तर तो थर निघता निघत नाही. मी आणि तुझी काकू, पाठ मोडेपर्यंत. मुंडी-पाय चुलीवर भाजून केस जाळायचे ते वेगळंच. तुझ्या फोटोत पण आतडी धुणारी बाई कोपऱ्यात अर्धीच आलीय बघ! पुढच्या वेळी तिच्याशेजारी बस, मोबाईल खिशात ठेव.

वाटे मात्र मला आवडतात. पळसाच्या पानांवर प्रत्येकात मांडी, सीना, चाप, कलेजीचा तुकडा, सगळं थोडं थोडं, काटा नाही काही नाही, आणि एकजण पाठ करून उभा, हा कोणाचा विचारलं की नाव घेणार, म्हणजे भांडण नको.

आणि हो, सुट्टीत आलास की इथे ऐरोलीत सोसायटीच्या मागे कोंबडा कापायचं डोक्यात आणू नकोस, 2001 च्या नियमांनी शहरात मान्यता असलेल्या कत्तलखान्याबाहेर चालत नाही. तुमच्याकडेही डॉक्टर मांस तपासायला आला होता म्हणालास, ते चांगलंच. गटारीला येणार असशील तर तिकीट आत्ताच काढ, आणि मसाला संपला का ते कळव.

आई