सुमीच्या केमोआधी एवढं विचारा

ब्रुसेल्स, रविवार

ती. बाबा आणि ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार,

मी मजेत आहे. आई, मी वाळलेली नाही, व्हिडिओत तशी दिसते. लिलो चिवडा संपला, डब्याच्या तळचा मसाला वरणभातावर घालते. आमच्या लॅबमधला गोठवण्याचा द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो खरा, पण जाड हातमोजे चढवल्याशिवाय टाकीचं झाकण कुणी उघडतच नाही.

इथलं कचऱ्याचं मात्र अजून अंगवळणी पडत नाही. उरलेलं अन्न नारिंगी पिशवीत, कागद पिवळ्या, बाटल्या-डबे निळ्या आणि उरलेलं सगळं पांढऱ्या. काच कुठल्याच पिशवीत नाही, ती चौकातल्या पेटीत. मी लोणच्याची बरणी निळ्या पिशवीत टाकली, तर पिशवी दारातच राहिली. खालच्या आजी बरणी हातात घेऊन वर आल्या आणि मला पेटीपर्यंत घेऊन गेल्या.

आता मावशीच्या सुमीचं. मावशी म्हणाली, "आधी पोर वाचू दे, पुढचं पुढे." बरोबरच आहे. पण केमोने अंडाशयातली बीजं मरू शकतात, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारायला हवं. सुमी अजून वयात आलेली नाही, तिची बीजं काढून ठेवता येत नाहीत. अंडाशयाच्या वरच्या थराचे तुकडे मात्र दुर्बिणीतून काढून गोठवता येतात. इथे ब्रुसेल्समध्येच एका बाईचे तुकडे १९९७ साली केमोआधी गोठवले होते. ते परत बसवल्यावर २००४ साली तिला मुलगी झाली. यात लाजण्यासारखं काय आहे, आई? बडोद्याला डांडिया बाजारात कुणी विचारलं तर माझं काम हेच आहे म्हणून खुशाल सांग.

फ्रीजरमधली कोथिंबीर बाहेर काढली की कशी लोळते? बर्फाचे कण पेशी फाडतात. तसं होऊ नये म्हणून गोठवताना औषध मुरवतात. खरी हानी होते ती परत बसवल्यावर. नव्या रक्तवाहिन्या फुटेपर्यंत काही दिवस तुकड्याला प्राणवायू पुरत नाही आणि पुष्कळ बीजं तेव्हाच जातात. आम्ही रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन मिलीमीटरच्या हजाराव्या भागाहून बारीक कणांत भरून ते हळूहळू झिरपवतो. हे अजून उंदरांवरच आहे, सुमीसाठी नाही. पण तिला तुकडे लागतील तोवर दहा-पंधरा वर्षं हातात आहेत. त्यासाठी ते आज जपून ठेवायला हवेत. रिपोर्टचे फोटो मला आजच पाठवा. मावशी रडत होती तेव्हा मी तिथे असायला हवं होतं.

बाबा, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे चाळीस हजार पाठवलेत. तुम्ही ते सुमीसाठी द्याल हे मला ठाऊक आहे. द्या, गच्चीचे पुढच्या महिन्यात पाठवते. इंदूरच्या स्थळाला नाही म्हणत नाही. त्यांनी फोन करावा, पण दोन वर्षं मी हे काम सोडणार नाही हे आधीच सांगा. दिवाळीला येणं जमत नाहीये. आई, माझ्या वाटणीचं उटणं सुमीला लाव.

तुमची,
मनू