ब्वेनो म्हणजे आपलं बरं

केरेतारो, मेक्सिको

प्रिय मीनल,

तुझा व्हॉइस मेसेज परवाच ऐकला पण म्हटलं याचं उत्तर नीट बसून लिहायचं. स्पॅनिशमधले ब्वेनो आणि ब्येन, पुस्तकात दोन्हीपुढे चांगलं असंच लिहिलंय मग कुठे काय वापरायचं असं विचारलंस ना, अगं मीपण इथे आल्यावर तिथेच अडकले होते. आपण मनात इंग्रजीतलं गुड धरून बसतो हे त्याचं कारण. ते गुड सोड आणि आपलं बरा-बरी-बरं धर, बघ किती सोपं होतं.

म्हणजे बघ, लिंग-वचनाप्रमाणे शब्द बदलायचा हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. ब्वेनो, ब्वेना, ब्वेनोस, ब्वेनास, चारच रूपं, नपुंसकलिंगाची भानगडच नाही. तुमच्या मॅडमनी ब्वेनोस दिआस पण ब्वेनास तार्देस, ब्वेनास नोचेस असं पाठ करायला लावलंय म्हणालीस, पण पाठ कशाला, आपला दिवस तो, दुपार ती, रात्र ती, आणि इथेही अगदी तसंच! फक्त दिआ शेवटी आकारान्त दिसतो म्हणून फसायचं नाही, तो पुल्लिंगीच.

आणि एकवचनी पुल्लिंगी नामाच्या आधी आलं की शेवटचा ओ गळतो, ब्वेन लिब्रो म्हणजे चांगलं पुस्तक, ब्वेन आमिगो म्हणजे चांगला मित्र. स्त्रीलिंगीत काही गळत नाही, ब्वेना इदेआ, ब्वेना आमिगा. नामाच्या नंतर टाकलं तर ओ परत येतो, उन ओम्ब्रे ब्वेनो, आणि माणसाबद्दल असं म्हटलं की बहुतेक वेळा मनाने चांगला असा अर्थ निघतो. उन ब्वेन मेदिको म्हणजे मात्र हाताला गुण असलेला डॉक्टर.

आता खरी गंमत, म्हणजे जिथे मराठीच आडवी येते. पहिल्याच महिन्यात मला ताप आला होता, चार दिवस झोपून होते. पाचव्या दिवशी खाली स्वयंपाकघरात गेले तर घरमालकीणबाई कोमालवर, म्हणजे त्यांच्या तव्यावर, मक्याच्या तोर्तिया उलटत होत्या, नुसत्या बोटांनी, आपल्या आजी भाकरी उलटायच्या तशा. कशी आहेस विचारलं. माझ्या मनात आलं, मी बरी आहे, आणि तोंडातून निघालं एस्तोय ब्वेना. त्यांचा हात थांबला. मग जवळ येऊन कपाळाला हात लावून बघितला आणि हळूच म्हणाल्या, ब्येन, मिहा, एस्तास ब्येन. मिहा म्हणजे बाळा, पोरी. नंतर समजावलं की बाईने स्वतःबद्दल एस्तोय ब्वेना म्हटलं की ऐकणाऱ्याला मी दिसायला मादक आहे असं ऐकू येतं. इतक्या मायेने सांगितलं की ते कायमचं डोक्यात बसलं. तेव्हा तब्येतीला, कसं चाललंय याला कायम ब्येन, आणि ते तू बोल की तुझा नवरा, बदलत नाही.

सूपबद्दल मात्र एस्ता ब्वेना बिनधास्त म्हण, चव छान झालीये. आणि बाईबद्दल एस ब्वेना म्हटलं तर ती स्वभावाने चांगली. एस आणि एस्ता दोन्ही म्हणजे आपलं आहे, पण क्रियापद बदललं की अर्थ पार बदलतो, म्हणून एस आणि एस्ता यांच्याकडे विशेषणाइतकंच लक्ष दे.

अजून एक फरक. आपण पिक्चर बरा होता म्हणतो तेव्हा तो ठीकठाकच असतो. ब्वेनोत तो हातचं राखून दिलेला भाव नाही, ते मनापासूनचं चांगलं असतं. ठीकठाकला इथले लोक मास ओ मेनोस म्हणतात.

पण मला सगळ्यात आवडतं ते वाक्याच्या सुरुवातीचं ब्वेनो, तिथे ते विशेषण राहतच नाही. पाहुणे उठताना म्हणतात ब्वेनो, मे वोय, म्हणजे बरं, निघते मी, आणि मग दारात अजून अर्धा तास गप्पा, आपल्याकडच्यासारख्याच. समोरच्याचं ऐकून घेताना ब्वेनो ब्वेनो, आपलं बरं बरं. आणि मेक्सिकोत फोन उचलला की हॅलोच्या जागी ¿ब्वेनो? असा वर चढता सूर. पहिल्यांदा घरमालकीणबाईंना तसं फोनवर बोलताना ऐकलं तेव्हा मला एकदम आईची आठवण आली, बरं बोल आता, म्हणायची ना ती.

तू डिसेंबरात येतेयस तर 24 तारखेच्या आत ये. त्या रात्रीला नोचेब्वेना म्हणतात, आणि नाताळात ती लाल पानांची झाडं असतात ना कुंडीत, त्यांनाही इथे तेच नाव आहे. खिडकीत एक आणून ठेवीन. आणि हो, येताना भाजणी आण, घरमालकीणबाईंना थालीपीठ खायला घालायचंय, कोमालवरच लावू.

काकूंना नमस्कार सांग. पुढचा व्हॉइस मेसेज स्पॅनिशमध्ये पाठव.

तुझीच,
स्वाती