आई-अण्णा, गावं तीनच ठरवली आहेत

प्रिय आई आणि अण्णा,

शिरसाष्टांग नमस्कार.

अण्णा, कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेली, आपल्या युरोपच्या सहलीची तुमची अकरा गावांची यादी मिळाली. कुठून कुठे किती तास, कुठे गाडी बदलायची, सगळं लाल-निळ्या पेनाने, अजून रेल्वेच्या नोकरीत असल्यासारखं. आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला, कारण तोवर मी बुकिंग करून टाकलं होतं. पॅरिस चार रात्री, स्वित्झर्लंडमधलं ल्युसर्न पाच, रोम चार. बस्स. आई फोनवर म्हणालीच, "इतला पैसा लाईसन तीनच गावं?"

आधी ऐका तरी. समोरच्या काकू दहा देश करून आल्या, त्यांचे फोटो आपण पाहिले. निम्म्या फोटोंत मागे बसच आहे. गाव बदललं की अर्धा दिवस गेलाच समजा. सकाळी आवरा, अकराच्या आत खोली सोडा, स्टेशन, गाडी, पुन्हा स्टेशन, आणि पुढची खोली दुपारी तीनच्या आधी हातात येत नाही. त्यात आईची पूजा आणि तुमच्या गोळ्यांच्या वेळा. म्हणजे तुमच्या यादीतलं 'व्हेनिस, एक रात्र' हे खरं तर व्हेनिस, एक संध्याकाळ. चार रात्री धरल्या तरी सबंध दिवस तीनच मिळतात. रामेश्वरच्या यात्रेत शेवटच्या दोन दिवसांत काय झालं ते आपण कुणी बोलत नाही. पण मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते आणि मला सगळं कळत होतं. तसं पुन्हा नको.

हे अण्णांच्या गुडघ्यामुळे नाही हं. थोडं त्यामुळेही. व्हेनिसमध्ये गाड्याच नाहीत, पावलोपावली पूल, आणि पुलाला पायऱ्या. बॅगा उचलून कोण चढणार? मी चढेन, पण मग तुम्ही माझ्या हातातून बॅग ओढून घ्याल, मला माहीत आहे.

आई, तुझे ट्यूलिप राहिले. याचं मलाच जास्त वाईट वाटतंय. पण ती हॉलंडमधली क्युकेनहॉफची बाग मेच्या मध्याला बंद होते. आपण आखाजी झाल्यावर मेच्या शेवटी निघणार, तेव्हा तिथे जाऊन कुलूप बघायचं का? आखाजीआधी निघू म्हटलं तर तूच पहिली नाही म्हणाली असतीस. आणि भुसावळचा मे जेवढा चुकेल तेवढा बरा.

ल्युसर्नला पाच रात्री का, ते मात्र अण्णांना पटेल. डोंगरावर ढग आले की वर जाऊन काही दिसत नाही. दोनच दिवस असले आणि दोन्ही दिवस पाऊस लागला, तर पैसे ढगात. पाच रात्री असल्या की लख्ख ऊन पडेल तो दिवस निवडता येतो. आणि अण्णा, त्या दिवशी आपण बोटीने फिट्झनाउला जायचं आणि तिथून रिगीची गाडी धरायची. १८७१ सालची लाइन आहे, युरोपातली पहिली डोंगरगाडी. रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी. कसाऱ्याला तुम्ही ३७ ला १ चा चढ सांगायचात ना, बँकर म्हणजे मागून ढकलणारं इंजिन लावून? इथे ४ ला १ आहे, चार फूट पुढे गेलं की एक फूट वर. युंगफ्राउयोखच्या उंच स्टेशनला मात्र नेणार नाही. ते ३,४५४ मीटरवर, तिथे धडधाकट माणसालाही दम लागतो. रिगी १,८०० च्या आत आहे. रुसू नका, ल्युसर्नहून मिलानला जाताना गोटहार्डचा बोगदा लागतो, ५७ किलोमीटरचा. खिडकीची जागा तुमची. मिलानला गाडी बदलून संध्याकाळपर्यंत रोम.

पॅरिसमध्ये मेट्रोच्या बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही, म्हणून बसने फिरू, म्हणजे रस्ताही दिसेल. लूव्ह्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तो दिवस नुसता नदीकाठी. तिथे त्या दिवसांत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. आई, दिवेलागणीची वाट बघत उपाशी बसू नकोस, आपण घड्याळाने जेवायचं. रोमला दुपारी दोन तास झोप सक्तीची.

ल्युसर्नला स्वयंपाकघर असलेली जागा घेतली आहे. पाच दिवस तुझ्या हातची खिचडी आणि फोडणीचं वरण मिळालं की पुढचा रोमचा पिझ्झा अण्णा मुकाट्याने खातील. डाळ-तांदूळ, बिबडे, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, हे सगळं घे. तूप आणि पेढे अजिबात नकोत. बाहेरून दुधाचे पदार्थ तिथे नेऊ देत नाहीत, विमानतळावर काढून घेतील आणि मग तू दिवसभर त्या तुपाचंच बोलत बसशील. लहानपणी माझ्या वहीच्या पिशवीत तूप-गुळाची पोळी सांडलेली असायची, तेव्हापासून मला तुझ्या पॅकिंगचा भरवसा नाही.

आता कामाचं. सगळ्यात जास्त रात्री स्वित्झर्लंडमध्ये, म्हणून व्हिसाही त्यांच्याकडेच मागायचा. बोटांचे ठसे द्यायला मुंबईला यावंच लागेल, माझ्याने ते होणार नाही. रेशनच्या मशीनवर आईचा अंगठा लागत नाही. जन्मभर भाकरी थापून आणि भांडी घासून रेघाच पुसल्यात. तर आई, आजपासून रोज रात्री बोटांना खोबरेल तेल. अण्णा, लक्ष तुम्ही ठेवायचं. बूट नवे घेतलेत ते आत्तापासून घालून फिरा, विमानात बसायच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. बी.पी.च्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत, गोळीतल्या मूळ औषधाच्या नावासकट लिहून घ्या, आणि गोळ्या हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत नाही. विमा मी काढते, ३०,००० युरोंचा लागतोच, त्यावरून 'कशाला' असा फोन करू नका.

मुंबईची तारीख मिळाली की कळवते. आदल्या दिवशीच निघा, पहाटेच्या गाडीवर भरवसा ठेवू नका. हे अण्णांना मी सांगायचं म्हणजे कमालच आहे.

तुमची,
छोटी