बीडिंगखालचा गोंद आणि सातपूरचे पेंटर काका

सातपूरच्या पेंटर काकांना,
सा. न. वि. वि.

काका, गाडीच्या दारावरची बीडिंग (बाहेरून चिकटवलेली पट्टी) उपटली की खाली काळा, चिवट पट्टा उरतो. तो काढताना पहिला हात जातो थिनरच्या डब्याकडे आणि दुसरा ब्लेडकडे, आणि पाचशे रुपयांच्या कामापायी अख्खं दार रंगवायची वेळ येते. तुम्ही हे कसब झाकून ठेवलं नाहीत. जो विचारेल त्याला हातातलं काम बाजूला ठेवून दाखवलंत. त्याबद्दल हे जाहीर आभार. तुम्ही शिकवलेलं इथे सविस्तर मांडतो आहोत, म्हणजे घरी करून बघणाऱ्यालाही उपयोग होईल.

तुमचं पहिलं सांगणं असायचं, ‘आधी चिकटवलंय कशानं ते बघा, मग बाटली उघडा.’ दाबल्यावर स्पंजासारखी दबते ती ॲक्रिलिक फोमची डबल टेप. दारावरच्या बहुतेक बीडिंगखाली हीच असते. डांबरासारखी तार धरतो तो ब्युटाइल. आणि समोरच्या काचेभोवतीचा कडक, रबरी असतो तो पॉलियुरेथेन. हा कोणत्याही बाटलीला दाद देत नाही, कापावाच लागतो; त्याच्या वाटेला घरी जाऊ नये.

फोम टेपला सरळ ओढणं हीच मुख्य चूक. ओढीला ती जबरदस्त टिकते, आणि दार पूर्वी पुट्टी भरून रंगवलेलं असेल तर टेप सुटण्याआधी रंगच सुटतो. कंपनीच्या रंगाची पत्र्यावर जी पकड असते ती दुरुस्तीतल्या रंगाची असेलच असं नाही. म्हणून टेपला आधी ऊब द्यायची आणि ती मधोमध चिरायची. त्यासाठी मासेमारीची अर्धा मिलिमीटर जाडीची तंगूस दोन हात लांब घ्यायची आणि टोकं दोन काड्यांना गुंडाळायची, नाहीतर बोटं कापतात. बीडिंगच्या वर-खाली मास्किंग टेपचे दोन थर लावायचे, कारण तंगूस घासते ती नेमकी तिथेच. मग करवतीसारखं मागे-पुढे. जोर नाही, लय लागते. फोम चिरताना बारीक करकर ऐकू येते; ती थांबली की समजायचं, टेप थंड झाली.

मग पुन्हा ऊब द्यायची. साधा हेअर ड्रायर, चार बोटं अंतरावरून, सतत हलता. पत्रा ५० ते ६० अंशांपर्यंत पुरे: तळहाताला चटका जाणवावा, पण फोड यायची भीती वाटू नये. हीट गन ३०० अंशांच्या वर सहज जाते. एका जागी थांबली तर लॅकरला (रंगावरच्या पारदर्शक थराला) फुगे येतात आणि प्लास्टिकचा बंपर त्याआधीच वाकतो. जानेवारीत नाशिकच्या सकाळी टेप लाकडासारखी होते, तेव्हा हे काम दुपारवर ढकलावं. एप्रिलच्या उन्हात गाडी तासभर उभी केली की ड्रायरचं निम्मं काम फुकटात होतं.

बीडिंग निघाल्यावर मात्र गाडी सावलीत घ्यायची. बाटलीचं काम गार पत्र्यावरच, कारण तापलेल्या पत्र्यावर द्रावण गोंदात मुरण्याआधीच उडून जातं. त्याआधी अंगठा वापरायचा. फोम अजून कोमट असताना अंगठ्याच्या पेराने एकाच दिशेने रगडलं की त्याच्या काळ्या शेवया वळतात आणि सुटतात. निम्मा कचरा असाच जातो. उरलेल्यावर टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चिंधी ठेवून वर प्लास्टिकचा कागद लावायचा, पाच ते दहा मिनिटं. मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचं. आधी चाचणी घ्यायची ती त्याच दाराच्या खालच्या कडेला, पांढऱ्या कापडाने. पेट्रोलच्या झाकणाआड घेतलेली चाचणी फसवते, कारण तिथला रंग मूळचा आणि दाराचा नंतर मारलेला असू शकतो. कापडाला रंग लागला किंवा पत्रा चिकट झाला की तिथेच थांबायचं. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर नेमकं हेच करतं, दुरुस्तीतला रंग मऊ करतं. टर्पेंटाइनने रबरी पट्ट्या फुगतात आणि थिनर किंवा पेट्रोलने हेडलाइटच्या प्लास्टिकला तडे जातात, म्हणून तेवढा भाग आधी झाकायचा.

एका बाबतीत तुमचं-आमचं पटलं नाही, काका: पेट्रोल. गोंद निघतो हे कबूल, पण शेजारी ड्रायर चालू असताना पेट्रोलची चिंधी आम्ही हातात घेणार नाही. नवशिक्यांनी तर नाहीच.

उरलेला गोंद घासून काढायला खोडरबरासारखं चाक वापरायचं तर ड्रिलवर, मिनिटाला दीड ते दोन हजार फेऱ्यांच्या आत. अँगल ग्राइंडर अकरा हजारांच्या घरात फिरतो; त्याला हे चाक लावणं म्हणजे रंग जाळायची तयारीच. टेकवायचं, सरकवायचं, दोन सेकंदांहून जास्त एका जागी नाही. ताज्या रंगावर आणि बंपरवर अजिबात नाही.

शेवटी शाम्पूने धुवायचं. पट्ट्याच्या जागी रंग गडद दिसतो तो डाग नसतो. तो न उडालेला मूळ रंग असतो. आजूबाजूला हलकं पॉलिश केलं की फरक कमी होतो. कंपाउंड (रंग घासणारी खरखरीत पेस्ट) घेऊन मिटवायच्या मागे लागू नये, कारण वरचं लॅकर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचं असतं. बीडिंगच्या क्लिपांची भोकं उघडी राहिली असतील तर कडांना प्रायमर लावून रबरी बूच बसवायचं, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो.

नवी बीडिंग लावायची तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन पुसायचं, पट्टी सगळीकडून जोरात दाबायची आणि ७२ तास गाडी धुवायची नाही. टेपची पकड हळूहळू चढते. दुसऱ्याच दिवशी प्रेशरच्या पाण्याने धुतलेली बीडिंग कोपऱ्यातून उचकटते, आणि मग दोष टेपवर जातो.

आपले,
सिडकोतले गाड्या पॉलिश करणारे आम्ही सगळे

ता. क. : तुमची तंगूसची रीळ आमच्याकडेच आहे. संपत आलीय, नवी आणून देतो.