मामांच्या पासपोर्टचे एक पान

मा. परराष्ट्रमंत्री,
अमेरिकेची संयुक्त संस्थाने, यांस

स. न. वि. वि.

मी नाशिकची. तहसील कचेरीत ३२ वर्षे कारकून होते. लोकांच्या झेरॉक्स मूळ कागदाशी ताडून पाहण्यात निम्मी नोकरी गेली. अशा माझ्याच मुलीचा व्हिसा एका झेरॉक्सपायी सात आठवडे रखडला. ते मनाला फार लागले, म्हणून हे पत्र.

जावई जन्मापासून तुमचा नागरिक. सध्या पीएच.डी. करतो, त्यामुळे मिळकत जेमतेम. बायकोला तिकडे न्यायचे तर तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी उत्पन्न दाखवावे लागते. तेवढे नसेल तर दुसरा जामीन हवा आणि तो नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला हवा. विहीणबाईंचे धाकटे भाऊ न्यू जर्सीत असतात, आम्ही सगळेच त्यांना मामा म्हणतो. ते एका शब्दावर तयार झाले. आय-८६४ या जामीनपत्राच्या फॉर्मवरची ती सही साधी नव्हे, साहेब. मुलगी नागरिक होईपर्यंत किंवा तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाही, म्हणजे साधारण दहा वर्षे, जमा होईपर्यंत माणूस कायद्याने बांधला जातो. उद्या नवराबायकोने काडीमोड घेतला तरी जामीन सुटत नाही. भाचेसुनेसाठी एवढे अंगावर घेणारा माणूस आजच्या दिवसांत कुठे मिळतो?

जावयाने त्यांना यादी पाठवली. टॅक्सचे कागद आणि पगाराच्या पावत्या त्याच रात्री आल्या. ‘नागरिकत्वाचा पुरावा’ या ओळीवर मात्र मामा अडले.

१९९४ साली शपथ घेतल्यावर मिळालेले प्रमाणपत्र त्यांनी मला व्हिडिओ कॉलवर दाखवले. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पुन्हा फाइलमध्ये. कोपऱ्यात काळ्याभोर मिशांचे तरुण मामा, फोटोवर उठावाचा शिक्का. आणि त्याच कागदावर इंग्रजीत छापलेले, की कायदेशीर अधिकाराशिवाय या प्रमाणपत्राची प्रत काढणे किंवा फोटो घेणे शिक्षेस पात्र आहे. मामांनी त्या ओळीवर बोट ठेवून ती मला दोनदा वाचून दाखवली. “ताई, एवढ्या वर्षांत इथे साधा सिग्नल मोडला नाही मी. आता ही प्रत कशी काढू?” मूळ प्रमाणपत्र पोस्टाने पाठवायचा धीर होईना. हरवले तर नवीन मिळायला कित्येक महिने आणि पाचशे डॉलरांहून जास्त खर्च. नोटरीकडे जावे का, वकील गाठावा का, यात दिवस गेले. पोरगी इकडे बॅग भरून बसलेली.

शेवटी जावयाने फॉर्मच्या सूचना शेवटपर्यंत वाचल्या. जामीन राहणारा नागरिक असेल तर जन्मदाखला, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र किंवा पासपोर्टचे फोटोचे पान, यांपैकी कशाचीही प्रत चालते. साधी झेरॉक्स, नोटरीसुद्धा नको. मामांचा पासपोर्ट टेबलाच्या खणात होता. दोन मिनिटांत काम झाले.

पुरावा मागू नका, असे मी म्हणत नाही. अर्ज करणाऱ्या नवऱ्याचे नागरिकत्व पहिल्या अर्जातच तपासले जाते. जामीन मागाहून येतो, त्याला सरकारने ओळखायचे कसे? माझ्या टेबलावर तो अर्ज आला असता तर मीही कागद मागितलाच असता. पण कोणता कागद, हे अर्जदाराला तिथल्या तिथे सांगितले असते. प्रमाणपत्र देणारे खाते तुमचे नाही, हे मला ठाऊक आहे. व्हिसासाठी पुरावा मागणारे खाते मात्र तुमचेच आहे.

तेव्हा एवढेच करा. जिथे जिथे ‘नागरिकत्वाचा पुरावा’ असे लिहिता, तिथेच खाली चालणाऱ्या कागदांची नावे द्या आणि पासपोर्टचे पान सर्वांत वर ठेवा, कारण ते बहुतेक घरांत हाताशी असते. मुंबईला मुलाखतीला येणाऱ्यांसाठी तेवढा मजकूर मराठीतही असू द्या. इकडचे आईबाप, सासूसासरे हेच कागद गोळा करत असतात आणि त्यांना ती फॉर्मची इंग्रजी उलगडत नाही. आणि मामांसारख्यांसाठी एक ओळ आवर्जून छापा: ‘या कामासाठी प्रमाणपत्राची प्रत काढण्यास तुम्हाला परवानगी आहे.’

आपली विश्वासू,
एक आई, नाशिक